अर्धवट सुटलेला हँडब्रेक

मोटार हाकणाऱ्याच्या हातून घडणाऱ्या बहुतेक चुकांचे खापर दुसऱ्या कोणाच्या तरी माथी फोडता येते. चाक खड्ड्यात गेले तर रस्ता बांधणारा दोषी. गाडी दुसरीस घासली तर ती दुसरीच वाकडी उभी होती. वळण चुकले तर पाटी दिसत नव्हती. पुण्यासारख्या वादपटू शहरात तर हे खापर फोडण्याचे काम भर चौकात, दहा जणांच्या साक्षीने व मोठ्या तर्कशुद्ध रीतीने चालते. तथापि एक चूक अशी आहे की तिचा वाटेकरी शोधूनही सापडत नाही. उभ्या गाडीचा हँडब्रेक ओढलेला असावा, तो सोडावयाचे विस्मरण व्हावे आणि गाडी तशीच पाच-दहा किलोमीटर चालत राहावी, ही ती चूक होय. ब्रेक ओढणाराही तोच आणि विसरणाराही तोच. म्हणूनच ती ध्यानात आली की गृहस्थ हळूच हात खाली नेतो, लिव्हर गुपचूप सोडतो आणि शेजारी बसलेल्याशी पावसापाण्याच्या गोष्टी काढतो. हे गुपचूप सोडणे वरकरणी निरुपद्रवी दिसते. सपाट मुलखात ते बहुधा तसे असतेही. पुण्याच्या भोवती मात्र सपाट मुलूख फारसा नाही.

सदाशिव पेठेतील एक कुटुंब एका रविवारी सकाळी वाईस निघाले होते. जुन्या वाड्याच्या जागी उभी राहिलेली चार मजली इमारत आणि तिच्यापुढे जेमतेम एक गाडी निघेल एवढा बोळ. गाडी बाहेर काढून फाटक लावण्यासाठी गृहस्थ उतरले. बोळ किंचित उताराचा, सबब त्यांनी हँडब्रेक ओढला. तोही पुरता नव्हे, टक्‌ टक्‌ अशा दोन आवाजांपुरता. परत येऊन बसतात न बसतात तोच मागून एका टेंपोवाल्याने भोंगा वाजविला. त्या घाईत ब्रेक तसाच राहिला.

स्वारगेट मागे पडले. पद्मावतीच्या आसपास मागल्या आसनावरील वृद्ध मातोश्रींनी नाकास पदर लावला.

"अरे, काहीतरी करपतंय."

"बाहेरचा वास आहे, आई. कोणीतरी कचरा पेटवला असेल."

पुण्याच्या रस्त्यावर हे उत्तर सहसा खोटे ठरत नाही, त्यामुळे ते खपून गेले. थोड्या वेळाने पत्नीने विचारले, "अहो, तो तांबडा दिवा मघापासून पेटलाय. कसला तो?"

"त्यात काही अर्थ नाही. मागेही एकदा असाच लागला होता."

हेही अगदीच खोटे नव्हते. बऱ्याच गाड्यांत हँडब्रेकचा आणि ब्रेक ऑइल कमी झाल्याचा दिवा एकच असतो. वर्तुळात उद्गारचिन्ह असे त्याचे रूप. एकदा तो ऑइल कमी झाल्यामुळे लागलेला असला आणि पुढे काहीच वाईट घडलेले नसले, की माणूस त्याच्याकडे घरच्या नेहमीच्या कुरकुऱ्या पाहुण्याप्रमाणे दुर्लक्ष करावयास शिकतो.

मातोश्रींस झाडी पाहावयाची होती, म्हणून नव्या बोगद्याने न जाता कात्रजच्या जुन्या घाटाने जावयाचे ठरले होते. चढ लागला तशी गाडी कण्हू लागली. गृहस्थांनी ती दुसऱ्या गिअरमध्ये घेतली आणि पेट्रोलात हल्ली भेसळ फार होते असा अभिप्राय दिला. माथ्यावरील जुन्या बोगद्याच्या तोंडाशी त्यांचा हात सहज लिव्हरवर पडला आणि सगळा उलगडा झाला. त्यांनी काय केले हे सांगावयास नकोच. टक्‌ असा बारीक आवाज झाला, तांबडा दिवा विझला, गाडी हलकी होऊन बोगद्यातून बाहेर पडली आणि शिंदेवाडीकडील उताराला लागली. दुसऱ्या वळणापाशी त्यांनी ब्रेकवर पाय दिला, तो पेडल नेहमीच्या जागी भेटलेच नाही.

त्या वळणावर त्यांना घटकाभर ठेवून, चूक सुधारल्यानंतर हे संकट कोठून उपजले ते पाहिले पाहिजे.

पुणे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. त्या काळच्या कारकुनाच्या अथवा कॉलेजच्या विद्यार्थ्याच्या हातून असली चूक घडणे शक्यच नव्हते. ब्रेकचे रबर रिमला नुसते घासू लागले तरी दहा पावलांत ते मांड्यांना कळे. माणूस उतरे, वाकून पाही, बोटाने रबर बाजूस सारी आणि पुढे जाई. टांग्याचे चाक जड चालू लागले तर घोडा चाल मंदावी, आणि टांगेवाला चाबूक उगारण्याआधी चाकाकडे नजर टाकी. सायकलस्वार काय किंवा घोडा काय, दोघांच्याही अंगी तक्रार करण्याची सोय होती. इंजिनाच्या अंगी ती नाही. ओझे वाढले की ते थोडे अधिक पेट्रोल पिते आणि काम पुरे करते. त्याच्या या सोशिकपणामुळेच मालकास पत्ता लागत नाही.

या ओझ्याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. अर्धवट ओढलेल्या ब्रेकची ओढ तीस किलो वजनाइतकी आहे असे धरून चालू. गाडी ताशी साठ किलोमीटरने जात असता तेवढी ओढ मोडून काढण्यास सुमारे सात अश्वशक्ती खर्ची पडते. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली, तिच्या इंजिनाची सारी शक्ती चाळीस अश्वशक्तीच्या आत होती. तीत सातांची तूट मोठी, चालकास चटकन जाणवण्याजोगी. पुढे लहान गाड्यांची इंजिनेही सत्तर-ऐंशी अश्वशक्तीची झाली. त्यांत सात कमी झाले काय आणि न झाले काय, पायाखालच्या पॅडलला फरक कळत नाही. गाडी जितकी सशक्त, तितकी ही चूक अधिक काळ लपून राहते.

खर्ची पडलेली ही शक्ती नाहीशी मात्र होत नाही. ती उष्णतेच्या रूपाने चाकांत साठते. तीस किलोची ओढ दहा किलोमीटर चालली तर जी उष्णता निपजते, तिच्यावर आंघोळीचे दोन बादल्या पाणी चांगले कढत होईल. पूर्वी पुण्याच्या घरोघरी हे काम तांब्याचा बंब करी. त्यात लाकडे धगधगताना दिसत, धूर डोळ्यांत जाई, आणि जवळ खेळणाऱ्या पोरांना मोठी माणसे हाकलून लावीत. येथे तोच जाळ मागल्या चाकांतील दोन लोखंडी ड्रमांत कोंडलेला असतो, आणि त्यावर झाकण म्हणून चाक बसविलेले असते. काही उष्णता वाऱ्याने निघून जाते हे खरे. पण चढावर गाडी मंद चालते आणि वाराही कमी लागतो.

हँडब्रेकची रचना साधी आहे. लिव्हर ओढली की तारेची एक दोरी ताणली जाते. ती बहुतेक गाड्यांत मागल्या दोन चाकांतील ब्रेक-शू फाकवते, शूंवरचे लायनर ड्रमच्या आतल्या अंगास दाबले जातात, आणि लिव्हरच्या बुडाशी असलेली दात्यांची पट्टी तो ताण तसाच धरून ठेवते. पायाचा ब्रेक मात्र दोरीवर चालत नाही. त्याचा दाब नळ्यांतील ब्रेक ऑइलमधून चारही चाकांपर्यंत पोहोचतो. दोन्ही ब्रेक कागदोपत्री स्वतंत्र. परंतु ड्रमच्या गाडीत मागल्या चाकापाशी ते एकाच घरात नांदतात. तेच शू, तेच लायनर, तोच ड्रम. एकाने लावलेली आग दुसऱ्याच्या ऑइलास तापविते.

ब्रेक ऑइलास ऑइल म्हणण्याची रीत पडली आहे एवढेच. ते तेल नव्हे. त्याला हवेतील ओलावा शोषून घेण्याची खोड असते. डॉट ३ या प्रतीचे नवे, कोरडे ऑइल कमीत कमी २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळता कामा नये असे प्रमाण आहे. तेच पाणी शोषलेले असेल तर हे प्रमाण १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० व १५५ आहेत. चार पावसाळे पाहिलेले आणि कधीही न बदललेले ऑइल कोणत्या आकड्याच्या जवळ असेल हे ज्याचे त्याने ताडावे. ऑइल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही म्हणून तो दाब पोहोचवितो. वाफ दाबली जाते, म्हणून ती दाब गिळून टाकते. पेडल खाली जात राहते आणि चाकाला काही कळत नाही. त्यातच लायनर अति तापले तर त्यांचीही पकड ढिली पडते. ज्या करपट वासाचे खापर कचऱ्यावर फोडले जाते, तो वास त्यांचाच.

आणि यातील खरी मेख अशी की ब्रेक पुरता ओढलेला असता तर यातले काहीच झाले नसते. पुरता ओढलेला ब्रेक गाडी हलू देत नाही, किंवा ती अशी आचके देत निघते की झोपेत असलेला माणूसही जागा व्हावा. धोका आहे तो दोन दात्यांपुरत्या ओढलेल्या ब्रेकपासून, अथवा घाईत लिव्हर खाली लोटली पण शेवटचा दाता सुटला नाही अशा ब्रेकपासून. १९०८ साली निघालेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीत या विसराळूपणावर एक मौजेची तोड होती. तिची हातातील लिव्हर पुरती मागे ओढली की मागल्या चाकांस ब्रेक लागे आणि त्याच हालचालीने इंजिनाचा चाकांशी असलेला संबंधही सुटे. लिव्हर पुढे केल्यावाचून गाडी वाटेस लागतच नसे. पुढे ब्रेक आणि क्लच वेगळे झाले, गाड्या चालविणे सोपे झाले, आणि विसरण्याची मोकळीकही मिळाली. अलीकडील कित्येक गाड्यांत विजेच्या बटणावर चालणारा ब्रेक असतो. पट्टा बांधून गाडी चालू करताच तो आपण होऊन सुटतो. ज्यांच्याकडे तशी गाडी आहे त्यांनी वरील कुटुंबास हसावयास हरकत नाही.

लिव्हर खाली आहे म्हणजे ब्रेक सुटला असे मात्र समजू नये. जुलैच्या झडीत गाडी आठ-पंधरा दिवस हँडब्रेक ओढून उभी राहिली, तर ओलाव्याने ड्रमवर गंज चढतो आणि लायनर त्याला चिकटून बसतात. कधी दोरीच तिच्या नळीत गंजते. मग मालक लिव्हर खाली करतो, दिवाही विझतो, कारण दिव्याला लिव्हर कळते, चाक कळत नाही. परदेशी मुलाकडे चार-दोन महिने राहून परतलेल्या जोडप्याची गाडी पहिल्याच दिवशी जड चालावी हा अनुभव पुण्यातल्या मेकॅनिकांच्या परिचयाचा आहे. गाडी बरेच दिवस उभी ठेवावयाची असल्यास ती सपाट जागी, गिअरमध्ये घालून, चाकाखाली दगड लावून ठेवावी आणि हँडब्रेक सोडून द्यावा, असे ते सांगतात. अनेकांना हे उलटे वाटते.

तापलेला ब्रेक काय करू शकतो हे पुणेकरांनी दुसऱ्या, फार मोठ्या प्रमाणावर पाहिले आहे. नव्या कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा महामार्गाचा उतार लांबलचक आहे. त्यावर मालाने भरलेला ट्रक सारखा ब्रेक दाबीत उतरला तर खाली येईपर्यंत त्याचे ड्रम निकामी होण्याची भीती असते. आणि इंधन वाचविण्यासाठी चालकाने इंजिनाचा आवर काढून घेतला तर विचारावयासच नको. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री याच उतारावर एका ट्रकने वीसाहून अधिक वाहनांस ठोकरले. ब्रेक निकामी झाल्याची वार्ता प्रथम पसरली; परंतु चालकाने उतारावर इंजिनच बंद केले होते असे पोलिसांनी पुढे सांगितले. १३ नोव्हेंबर २०२५ रोजी तेथेच एका अवजड कंटेनरने पुढील वाहने चिरडली, आग भडकली आणि अनेक जण प्राणांस मुकले. घरगुती मोटारीचे दोन तापलेले ड्रम आणि हे कंटेनर यांची बरोबरी कोणी करणार नाही. पण उतार तोच असतो, आणि त्याला ब्रेक कोणामुळे तापला याच्याशी कर्तव्य नसते.

आगगाडीतही हा प्रकार होतो. डब्याचा ब्रेक लागतो आणि सुटत नाही. चाकाशी ठिणग्या उडतात, धूर येतो. रेल्वेची माणसे त्यास ब्रेक बाइंडिंग म्हणतात. २२ जानेवारी २०२५ रोजी जळगाव जिल्ह्यात, पाचोऱ्यानजीक परधाडे स्थानकाच्या अलीकडे, लखनौहून मुंबईस येणाऱ्या पुष्पक एक्सप्रेसच्या एका डब्यात आग लागल्याची आवई उठली. ब्रेक चिकटल्याने अथवा आस तापल्याने चाकाशी ठिणग्या दिसल्या असाव्यात, असे रेल्वेच्या अधिकाऱ्यांनी आरंभी सांगितले. साखळी ओढली गेली, गाडी थांबली, भ्यालेले उतारू शेजारच्या रुळांवर उतरले, आणि त्याच रुळांवरून बंगळूरहून दिल्लीस जाणारी कर्नाटक एक्सप्रेस आली. बाराहून कमी माणसे गेली नाहीत. त्या डब्याला आग लागलेली नव्हती. धूर किंवा वास आला की गाडी थांबवावी हे योग्यच. पण उतरताना आपण कोणत्या बाजूस उतरत आहो हे पाहण्याइतके चित्त ठिकाणावर असावे लागते. मोटारीतून महामार्गावर उतरणाऱ्यासही हेच लागू आहे, आणि मागल्या आसनावरील मुलांस तर विशेषच.

कायद्याने या विषयाच्या एकाच अंगाकडे लक्ष दिले आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२६ व्या कलमान्वये, चालकाच्या जागी परवानाधारक माणूस नसेल तर इंजिन बंद करून व ब्रेक लावूनच, किंवा गाडी आपोआप चालू लागणार नाही अशी अन्य तजवीज करूनच, ती रस्त्यावर सोडता येते. १९८९ च्या नियमांत परवान्याच्या परीक्षेसाठी चढावर गाडी थांबवून ती मागे न घसरू देता पुन्हा चालू करण्याची अट आहे. तेथे हँडब्रेकचा, अथवा थ्रॉटल व पायाच्या ब्रेकचा, योग्य उपयोग करता आला पाहिजे. ही अट फार शहाणपणाची आहे. चढावर क्लच उचलीत उचलीत ब्रेक सोडताना त्याची ओढ हाताला कळते; ज्याने हे एकदा मन लावून केले त्याला ब्रेक लागलेली गाडी आणि मोकळी गाडी यांतील फरक पुढे जन्मभर ओळखता येतो. परंतु कित्येकांचा हा धडा परीक्षेच्या सकाळपुरताच असतो, आणि नंतर लिव्हर म्हणजे पाण्याची बाटली टेकविण्याची जागा होऊन बसते.

आता त्या वळणाकडे. गृहस्थांचे नशीब एवढे की चढासाठी घेतलेला दुसरा गिअर त्यांनी बदललेला नव्हता. इंजिनाने गाडी काही अंशी धरून ठेवली होती. त्यांनी पेडल दोन-तीनदा भराभर दाबले, तेव्हा तळाशी थोडी पकड लागली. पुढे डोंगराच्या बाजूस थोडी रुंद जागा होती. तेथे त्यांनी गाडी डाव्या अंगास घेतली आणि ती थांबली. थांबताच त्यांचा हात सवयीने हँडब्रेककडे गेला.

"तो ओढू नका, काका," असे खिडकीपाशी कोणीतरी म्हणाले. मागून येणाऱ्या दुधाच्या टेंपोचा चालक उतरून आला होता. मागल्या चाकांतून निघणारा निळसर धूर त्याने दोन वळणे आधीच पाहिला होता. "गिअरमध्ये ठेवा. गरम ड्रमवर ब्रेक ओढला तर गार होताना तो आवळून बसतो."

त्याने रस्त्याकडेचे दोन दगड आणून चाकांखाली लावले. गृहस्थ पाण्याची बाटली घेऊन चाकाकडे निघाले, तर त्याने तीही हातातून काढून घेतली. तापलेल्या लोखंडावर एकदम पाणी पडले तर ते तडकते किंवा वाकते. शिवाय चाकास हात लावू नये, अर्धा-पाऊण तास वाट पाहावी, मग जागच्या जागी पेडल दाबून ते वर घट्ट लागते का पाहावे आणि लागले तरी दुसऱ्या गिअरमध्येच खाली उतरावे. खेड शिवापूरला मेकॅनिककडे चाके उघडून दाखवल्यावाचून पुढे वाईला जाऊ नये, आणि ऑइल तर बदलावेच. हे सर्व त्याने टेंपोच्या दारात एक पाय ठेवून सांगितले, कारण त्याच्या दुधाला उशीर होत होता. नाव विचारण्याचे भान कोणास राहिले नाही.

पाऊण तास सर्व मंडळी आतल्या बाजूच्या कठड्यावर बसून राहिली. मातोश्रींस झाडी मनसोक्त पाहावयास मिळाली. मेकॅनिकने चाके उघडली तेव्हा एका बाजूचे लायनर काचेसारखे गुळगुळीत झाले होते आणि दुसऱ्या बाजूच्या रबराच्या कपातून ऑइल झिरपू लागले होते. ते काम होईतो दुपार झाली.

वाईस यजमान दारातच उभे होते. "एवढा उशीर?" त्यांनी विचारले.

"कात्रजला गर्दी फार होती," गृहस्थ म्हणाले.

"गर्दी कसली," मातोश्री गाडीतून उतरता उतरता म्हणाल्या, "ब्रेक ओढून गाडी चालवत होता हा. मी पद्मावतीलाच सांगितलं होतं."